चाचणी संपलेला हात

ता. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गहू पिवळा व्हायला लागला आणि तू आणखी काळा, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. उन्हात जाताना डोक्याला काहीतरी बांध, असं वहिनी असताना ती सांगायची, आता मी सांगते. तू ऐकणार नाहीस हे तिलाही माहीत होतं.

आता बातमी. हाताची चाचणी बंद झाली. माझ्या उजव्या हाताच्या कंपासाठी डोक्यात केसाएवढी तार आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय, ते सगळं अजून प्रयोगातलंच होतं, हे तुला काय सांगायचं? त्या संशोधनाची बातमी मासिकातून कापून तूच पाठवली होतीस. परवा आम्हा सगळ्या रुग्णांना इस्पितळात बोलावलं, चहा-बिस्किटं दिली आणि आभार मानले. चहा-बिस्किटं दिली तेव्हाच मला शंका आली. सरासरीने पाहता यंत्राचा पुरेसा उपयोग दिसला नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला. बॅटरी संपली की नवी कुणी देणार नाही. यंत्र आणि तार काढून टाकलेलं बरं, असा त्यांचा सल्ला आहे. एकदा काढलं की पुन्हा बसत नाही. ठेवलं तर वर्षभर कदाचित चालेल, पण कधी जंतू शिरले तर ते तारेवरून थेट डोक्याकडे चढतात. बाजारात मिळणारं नेहमीचं यंत्र मला बसत नाही, वाटेत रक्तवाहिनी आडवी येते, हे तू जाणतोसच.

पुढचं ऐक आणि हसू नकोस. नर्स दर आठवड्याला फोन करून हात कसा आहे विचारायची आणि मी ठीक आहे म्हणायचे. आपल्या घरात याहून जास्त कधी कुणी म्हटलंय? नानांना पदक मिळालं तेव्हा आई म्हणाली होती की बरं झालं, कपाटात ठेवा. तर माझं ठीक आहे म्हणजे फरक नाही, असं तिकडे धरलं गेलं. मी डॉक्टरीणबाईंसमोर सुईत दोरा ओवून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या की आता निकाल छापायला गेला.

यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. काय करू ते कळव. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
फुंकणी


ता. २० मार्च

चि. फुंकणीबाईस,
अनेक आशीर्वाद.

इथे फोन लागायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि टाकीवर उभं राहून तुझ्याशी भांडणं मला या वयात झेपणार नाही. म्हणून पत्रातच सांगतो. काढून टाक.

तुला राग येईल, पण मी आयुष्यभर हेच करत आलो. गव्हाची नवी वाणं वेगवेगळ्या जमिनींत पेरायची, सगळ्यांची सरासरी काढायची, आणि जे सरासरीत मागे राहील ते नांगराखाली घालायचं. दर वर्षी एखादा वाफा असा येतो की बघतच राहावं. कंबरेएवढा गहू, टपोरी ओंबी. पण त्या एका वाफ्यासाठी आम्ही वाण ठेवत नाही. त्या जागी कधीकाळी उकिरडा असेल, पाणी मुरत असेल, काहीही असेल. वाफा चांगला आला म्हणून वाण चांगलं ठरत नाही.

नर्सला तू नीट सांगितलं असतंस तरी एका माणसाने सरासरी हलली नसती. ते डोक्यातून काढ. ज्या यंत्राला मायबाप उरले नाहीत ते अंगात बाळगू नये. हात थरथरला तर थरथरेल. डोकं शाबूत राहू दे.

मेहुण्यांना नमस्कार. त्यांचं काय म्हणणं आहे ते तू लिहिलं नाहीस.

तुझा,
दादा


ता. २ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

म्हणजे मी उकिरड्यावरचा वाफा. आभारी आहे. यांना वाचून दाखवलं तर हे इतके हसले की हातातली कवळी खाली पडली, आणि ती एका वकिलाची होती. हसून झाल्यावर म्हणाले की हात तुझा आहे, ठरव तू. यांचं म्हणणं हे एवढंच. दिवसभर लोकांच्या तोंडाचं काम करतात, स्वतःचं फारसं उघडत नाहीत.

मी ठरवलं आहे. काढणार नाही. सही करून आले.

तुझ्या वाणाला तू नांगराखाली घालतोस तेव्हा ते काही बोलत नाही. मी बोलते. हात गेला होता ती तीन वर्षं मी आमच्या संशोधन संस्थेच्या भांडारात बसून रिकाम्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, त्याही वाकड्या. आता पुन्हा काच फुंकायला बर्नरसमोर उभी आहे. भौतिकीवाल्यांना काचेचे फुगे लागतात, बोराएवढे, भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आत एका धातूची नावापुरती वाफ भरायची. त्यातून प्रकाश सोडला की माणसाला हात न लावता त्याच्या हृदयाचं चुंबकत्व मोजता येतं. पोटातल्या बाळाचंसुद्धा मोजता येईल असं ते म्हणतात. कारखान्यातून येतात ते फुगे जाड भिंतीचे. असे पातळ फुंकणारी संस्थेत मी एकटी आहे. ज्योतीत नळी फिरवताना दोन्ही हात एका चालीने फिरावे लागतात, जरा मागेपुढे झालं की फुगा कलतो. माझा कलत नाही. हे कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सांगते: मी इतकं चांगलं काम आधी कधीच केलं नव्हतं.

रागावू नकोस. रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
फुंकणी


ता. १९ एप्रिल

चि. फुंकणीबाईस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. कापणी चालू आहे, रागावायला वेळ नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाफ्यांना गुण देत फिरत होतो. बरोबरच्या मुली खुसूखुसू हसत होत्या. काय झालं विचारलं तर एक धीट मुलगी म्हणाली की सर, तुम्ही साधारण म्हणालात की आम्ही मनात उत्तम धरतो. तेव्हा घराणं तुझं एकटीचं नाही. माझ्या हाताखालून किती चांगली वाणं साधारण म्हणून गेली असतील, हा विचार आला आणि सावलीत जाऊन बसलो.

ठेवलंच आहेस तर नीट ठेव. बॅटरी किती राहिली ते कुणाकडून तरी तपासून घेत जा. जागा रोज आरशात बघ. लाल झाली, गरम लागली, ठणकली, तर त्याच दिवशी इस्पितळ. हे तू मला कबूल केलंस असं मी धरतो.

तुझा,
दादा


ता. ८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला गहू मिळाला. चांगला आहे. म्हणजे साधारण आहे.

बॅटरी वाचवायची युक्ती मला सापडली. यंत्राबरोबर एक रिमोट दिलाय. संस्थेत पाऊल टाकलं की चालू, घरी आले की बंद. सुट्टीच्या दिवशी दिवसभर बंद. बंद केल्यावर हात सुटतो तो बघण्यासारखा असतो, कोंबडी पायाला धरून उलटी लटकवल्यासारखा. चहा मी नळीने पिते. काचेची वाकडी नळी मीच करून घेतली, संस्थेच्या वेळात. जेवताना हे घास देतात. केस हेच विंचरतात, आणि कवळीवर मेण बसवावं तसे चोपून बसवतात, त्यामुळे मी सकाळी संस्थेत जाते ती एखाद्या शाळेतल्या मुलीसारखी. भांडी फुटतात, पण घरची फुटतात, तिथली नाहीत.

फुग्यांची पहिली खेप गेली. भौतिकीचे प्रमुख स्वतः खाली आले होते. अशा भिंती त्यांनी कुठेच पाहिल्या नाहीत म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहेत. मग जीभ चावली.

लोभ असू दे, पावसाळ्यात तब्येत सांभाळ.

तुझी,
फुंकणी


ता. २१ जून

चि. फुंकणीबाईस,
आशीर्वाद.

कोंबडीचं वाचून मला हसू आलं नाही.

संस्थेला चांगला हात आणि घरच्या माणसाला वाईट, ही कुठली वाटणी? मेहुणे काही बोलणार नाहीत म्हणून मी बोलतो. त्यांच्या वाट्याला फुटलेल्या कपबश्या आणि वेणीफणी, आणि भौतिकीच्या प्रमुखाच्या वाट्याला माझ्या बहिणीचा हात. एक रविवार तो रिमोट दाब आणि नवऱ्याला स्वतःच्या हाताने जेवायला वाढ. बॅटरीचं जे व्हायचं ते होईल.

रागाने लिहिलं. खोडत नाही.

तुझा,
दादा


ता. ६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण तू म्हणतोस ते खरं होतं आणि खऱ्याला काय उत्तर देणार. एका रविवारी यांना वाढलं. पोळी वाटीच्या कडेला न लागता ताटात ठेवली. यांनी ती पोळी शेवटपर्यंत खाल्लीच नाही, बाकीच्या खाल्ल्या.

दुसरं एक. यंत्राच्या वरची कातडी जरा लाल झाली आहे. दमट हवेने पुळी आली असेल असं मला वाटतं. ठणकत नाही. यांना दाखवलेलं नाही, उगाच घाबरतील. तू विचारतोस म्हणून तुला सांगितलं. शेवटची खेप भौतिकीवाल्यांना या महिन्याअखेर हवी आहे, त्यानंतर दाखवून येईन.

तुझी,
फुंकणी


ता. १२ ऑगस्ट

चि. फुंकणीस,

पत्र मिळाल्या मिळाल्या इस्पितळात जा. महिनाअखेर नाही, त्याच दिवशी. पुळी आहे की नाही हे तुला आरशात कळणार नाही, मला पत्रात कळणार नाही. टाकीवर चढून तुला फोन केला, तू उचलला नाहीस. संस्थेत लावला, कामात आहे असं उत्तर मिळालं. उत्तराची वाट बघतो आहे.

दादा


ता. १७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन उचलला नाही कारण तू ओरडणार होतास. पत्रात ओरडलास तरी घडी घालून ठेवता येतं.

खरं लिहिते. गरम लागते आहे आणि संध्याकाळी थंडी वाजते. मी गळाबंद कपडे घालते, यांना वाटतं मला वारा लागतो. मला कळतं दादा, मी इतकी भोळी नाही. पण दाखवलं की त्याच दिवशी यंत्र काढतील, आणि खेप अर्धीच झाली आहे. हात अजून स्थिर आहे. सकाळी बर्नर पेटवते तेव्हा ताप आहे की ज्योतीची धग, हेही समजत नाही, इतकं मन लागतं. मला ती खेप पुरी करू दे. एवढंच मागते. यांना सांगायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं नाही. तुला वहिनीची शपथ आहे.

तुझी,
फुंकणी


ता. २१ ऑगस्ट

श्री. मेहुणे यांस,
नमस्कार.

ही चिठ्ठी बियाण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे, तो दुपारपर्यंत तुमच्या हातात देईल. तुमच्या कामाच्या जागी फोन लागत नाही.

तिच्या गळ्याच्या हाडापाशी बघा. ती कॉलर वर ओढील, ओढू देऊ नका. पुळी आहे म्हणेल. यंत्रात जंतू शिरले आहेत आणि तिला ताप येतो आहे. आजच इस्पितळात न्या. रडेल, भांडेल, मला शिव्या घालील, तरी न्या.

तिने मला माझ्या बायकोची शपथ घातली होती. ती मोडतो आहे. बायको असती तर तिने आधीच्याच पत्रावर तुम्हाला कळवलं असतं.

मी मागोमाग निघतो.

आपला,
दादा


ता. ४ सप्टेंबर

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही परत गेलात त्याला आठवडा होऊन गेला. तुम्ही खाटेपाशी उभे असताना तिने भिंतीकडे तोंड केलं, ते तुमच्याप्रमाणेच माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही संत्री ठेवून गेलात. ती संत्री नर्सने खाल्ली.

काल घरी आणलं. ताप उतरला आहे. यंत्र काढलं, तार काढली. जंतू मानेपर्यंत चढले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर डोक्यात गेले असते, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं. त्या स्वतःही रडवेल्या झाल्या होत्या. आता पुन्हा काही बसवता येणार नाही, कधीच. हात आधीपेक्षा वाईट आहे. झोपेत शांत असतो, जाग आली की सुरू होतो. जाग आल्यावर पहिल्या क्षणी तिच्या लक्षात नसतं, मग हाताकडे बघते. मी त्या वेळी मुद्दाम खोलीत नसतो.

कुणी सांगितलं ते तिने विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी औषधाची बाटली शोधायला उठलो, आणि तिला कळलं. दादा, तुमचे उपकार आहेत असं लिहायला हवं. पण तिच्यासमोर ते लिहिताना पेन चालत नाही, म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. माझ्या शेजारी झोपायची आणि मला गळ्याची जागा दिसली नाही. मी रोज लोकांच्या जबड्यातली राईएवढी फट शोधतो.

कृपा असावी.

आपला,
मेहुणा


ता. १५ सप्टेंबर

चि. फुंकणीस,
अनेक आशीर्वाद.

तू वाचशील की नाही माहीत नाही. मेहुण्यांना वाचून दाखवायला सांग, तुला ऐकायचं नसलं तरी ते वाचतील.

माफी मागत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगीन. पण एक सांगायचं आहे. तू सरासरीतली नव्हतीस. मी वाफ्याचं लिहिलं ते चुकीचं नव्हतं, पण ते तुला लिहायचं नव्हतं. आपल्या माणसाला सरासरी सांगू नये, एवढं मला या वयापर्यंत समजलं नाही, आणि मला सगळे शास्त्रज्ञ म्हणतात.

नांगरट सुरू आहे. पेरणीच्या आधी थोडे दिवस मोकळे आहेत. तू म्हणशील तेव्हा येतो, नको म्हणशील तर येत नाही.

तुझा,
दादा


ता. २ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी सांगते आहे आणि हे लिहीत आहेत. जिथे वाक्य गोड वाटेल तिथे ते यांचं समज, माझं नाही.

कामावर रुजू झाले. बर्नरवर नाही, तपासणीवर. कारखान्यातून आलेली काच उजेडात धरून भेगा शोधायच्या. धरायला एक चिमटा लावून दिलाय, मी फक्त बघायचं. हात मांडीवर दुसऱ्या हाताने दाबून ठेवते.

फुग्यांची खेप अर्धी राहिली होती, त्याचं काय झालं ते तुला कळायला हवं. भौतिकीवाल्यांनी कारखान्याचे जाड भिंतीचे फुगे मागवले. मोजमाप थोडं धूसर येतं, पण येतं. प्रमुख येऊन म्हणाले की तब्येतीची काळजी घ्या, आम्ही चालवून घेतो आहोत. चालवून घेतात, दादा. इतकंच होतं ते. ज्याच्यासाठी मी ताप कॉलरखाली लपवला, ते थोडंसं धूसर चालणार होतं. त्यांनी मला घाई कर असं एकदाही म्हटलं नव्हतं. घाई माझीच होती.

सगळे म्हणतात तू वाचवलंस. तसं असेल. मी तुला वेगळं सांगते, आणि हे लिहायला तयार नाहीत म्हणून त्यांना दटावून लिहायला लावते आहे. त्या दिवसांत मला माहीत होतं काय होईल ते. हात गेल्यावर परत त्या भांडारात बसायचं, की खेप पुरी करून संपायचं, हा हिशेब मी केला होता, आणि मला तो पसंत होता. तापाने डोकं फिरलं होतं असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. फिरलेलं नव्हतं. माझ्या पत्रात ते कुठेच नव्हतं, आणि तू ते वाचलंस. म्हणून मी भिंतीकडे वळले. तुझा राग आला म्हणून नाही, तुला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. राग नंतर आला. तो अजून आहे, आणि लवकर जाईल असं दिसत नाही.

(दादा, हे मला आत्ता कळतं आहे. लिहितो आहे, थांबलो नाही. मेहुणा.)

यांना मी पुढे लिहा म्हटलं.

पेरणीच्या आधी ये. आलास की मला कशी आहेस विचारू नकोस, आणि काचेचा विषय काढू नकोस. स्टेशनवर हे येतील. मी दारात उभी राहीन की नाही सांगत नाही, पण दार उघडं असेल. तुझी खोली लावून ठेवायला सांगितली आहे. राहायला ये, दोन दिवसांसाठी नको. यांना रात्ररात्र जागून माझ्यावर नजर ठेवायची सवय लागली आहे, त्यांना जरा झोपू दे.

लोभ असावा असं शेवटी लिहू का, हे विचारताहेत. नको म्हटलं. विनंती करण्याइतकी मी अजून निवले नाही. ये म्हणजे झालं.

तुझी,
फुंकणी